आठवं नाव

शैलाने फोन तिसऱ्यांदा उचलून पाहिला आणि पोळपाटाशेजारी पालथा ठेवला. गुरुवारचे साडेअकरा वाजले होते. बारापर्यंत आठ नावं आली नाहीत, तर तिचा गोधडीचा वर्ग रद्द. गावच्या फोल्क्सहोखशूलचा नियमच तसा. हौसेने शिकायला येणाऱ्यांची शाळा ती. शिकणारे आठ असले तरच खोली उघडायची. शैलाकडे सात होते, आणि गेल्या शुक्रवारपासून सातच होते.

"चिंध्या जोडायला जर्मन लोक कशाला येतील?" उल्हास वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"मग सात जण काय झोपा काढायला येतायत?"

"येतायत कुठे? अजून ठरतंय."

लाटणं हातातच होतं, पण तिने आवरलं. मनातून तीही धास्तावली होती. उल्हासच्या मोटार कारखान्यातल्या नोकरीमुळे ती या गावात आली, त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून ती त्या शाळेत शिकतच होती. जर्मन तिथे शिकली, पोहायला तिथे, चाळिशीत सायकलसुद्धा तिथेच. जिन्यातले जुने फोटो तिला पाठ होते. त्यातल्या एकात युद्धानंतरच्या बायका जुने कोट उसवून पोरांचे कपडे शिवायला शिकत होत्या. त्या फोटोसमोरच तिला गोधडी सुचली होती. आता एकदा तरी तिला फळ्याच्या त्या बाजूला उभं राहायचं होतं. केवढा तो हट्ट, पण होता खरा!

डार्मश्टाटहून मुलाचा, वेदचा, फोन आला.

"आई, माझ्या मित्राचं नाव टाकू का? येणार नाही तो, पण आकडा होईल."

"खोट्या नावाने वर्ग भरवायचा नाही मला. ठेव."

बाराला दहा कमी असताना शाळेच्या ऑफिसातून फ्राउ केलर बोलली. "आख्ट, फ्राउ खांबेटे! आठ झाले!" आणि उगाचच हसत सुटली. शैला स्वयंपाकघरातच गिरकी घेऊन नाचली. तव्यावरची पोळी करपली. उल्हासने ती बिनतक्रार खाल्ली. खरं तर तिथेच तिला शंका यायला हवी होती.

वर्गासाठी जुनं कापड गोळा करताना तिने खुंटीवरचा त्याचा निळा कोट काढला. कारखान्यातला, कोपरांवर विरलेला.

"त्याला हात लावायचा नाही," तो गुरकावला.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी कोट काही खुंटीवरून उतरत नव्हता. तिने तो परत अडकवला.

सोमवारी सहाला सात खुर्च्या भरल्या, आठवी रिकामी होती. शिरस्त्याप्रमाणे आधी हजेरी. फ्राउ केलरने दिलेलं यादीचं पाकीट शैलाने उघडलं. सात नावं सुरळीत पार पडली. प्रत्येकीने "हिअर" म्हटलं. आठवं नाव तिने दोनदा वाचलं.

उल्हास खांबेटे.

लग्नात घास भरवताना तिने ते नाव घेतलं होतं, त्यानंतर आजतागायत नाही. घरात 'अहो', आणि जर्मनांसमोर 'माइन मान', म्हणजे माझा नवरा. शेजाऱ्यांनासुद्धा त्याचं नाव त्याच्याकडूनच कळायचं.

तिने मान वर केली. तो दारात उभा होता. केस चापून बसवलेले, हातावर निळा कोट.

"अहो, हे काय?" ती पुटपुटली.

"हजेरी राहिलीय, बाई. नाव घ्या, म्हणजे बसतो."

सात जणी टकामका बघत होत्या. शैलाचे कान तापले.

"उल्हास खांबेटे," ती हळूच म्हणाली.

त्याने कानामागे हात धरला. "नीट ऐकू नाही आलं. परत एकदा?"

मेला चावट! तिला असं हसू फुटलं, की काही न कळता सगळा वर्ग हसायला लागला. मग तिने डोळे पुसले, कागद सरळ धरला आणि जिन्यातल्या फोटोंपर्यंत पोहोचेल अशा आवाजात हाक मारली.

"उल्हास!"

"हिअर," तो म्हणाला. कोट तिच्या टेबलावर कात्रीशेजारी ठेवून तो आठव्या खुर्चीत जाऊन बसला.