झाकणाचे चार स्क्रू

"एकाच स्क्रूवर सगळा जोर काढू नकोस. थोडं इथं, थोडं समोर. एकाला पुरतं आवळलंस की समोरचा रुसतो."

नवऱ्याचे हे शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले तेव्हा ती या घरात नवी होती आणि मागच्या खोलीतल्या कारखान्यात पाण्याच्या पंपांची झाकणं बनत होती. पंप गेले, पुढे नवराही गेला. आता तिथं थोरला मुलगा तांब्याचे ठोकळे करतो, संगणकाच्या तापणाऱ्या चिपांवर बसवायचे. ठोकळ्याच्या पोटात केसासारख्या बारीक सऱ्या, वर काचेसारखं प्लास्टिकचं झाकण, झाकणाच्या चार कोपऱ्यांना चार स्क्रू. एका भोकातून गार पाणी आत शिरतं, सऱ्यांमधून वाट काढत चिपेचा ताप उचलतं आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पडतं. सऱ्या थोरला कापतो. झाकणाखालच्या खाचेत रबराची रिंग बसवायचं काम तिचं. शेजारचा वेल्डर तिला रिंगमास्तर म्हणतो आणि ती त्याला म्हणते, बाबा, माझे वाघ केव्हाच माणसाळले, तू तुझं बघ.

रिंग बसवताना ती आपल्याशीच गुणगुणते. कुणी शिकवलेलं नाही, बोटांबरोबर ओठांवर आलेलं:

पाणी गेलं आत, पाणी आलं फिरून
कोणाचा गं ताप, कोण नेई हरून

आज दुपारी मात्र ती गप्प होती. धाकटा आला होता आणि त्यानं आणलेलं खोकं टेबलावर उघडं पडलं होतं.

धाकटा शिकला, मोठमोठ्या संगणकांच्या एका केंद्रात लागला. तिथल्या नव्या दालनासाठी ठोकळे हवे होते, तेव्हा त्यानं साहेबांपुढे छातीठोकपणे सांगितलं होतं की माझ्या भावासारखं काम दुसऱ्या कुणाचं नाही. कितीतरी महिन्यांनी कारखान्याला मोठं काम मिळालं होतं. ठोकळे घरून निघाले तेव्हा तिनं ते एकेक करून हवा भरून टबात बुडवले होते. एकही बुडबुडा वर आला नव्हता. पण केंद्रात चिपांवर चढवण्याआधी त्यांतून गरम पाणी फिरवून पाहिलं, आणि झाकणांना तडे गेले. नशीब, टेबलावरच गेले. साहेब म्हणाले, हे परत करा आणि पुढचे दुसरीकडून घ्या.

हे सगळं धाकट्यानं खाली मान घालून सांगितलं, जणू तडे त्यानंच पाडले होते. मग डुगडुगणारी खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "दादा, प्लास्टिकचा पत्राच खराब निघाला असेल ना? तू तेवढं म्हण. साहेबांना मी पटवतो. झाकणं बदलून देऊ, काम हातचं जाणार नाही."

थोरला फडक्यानं हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

तिनं खोक्यातला एक ठोकळा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. कोपऱ्यातल्या एका स्क्रूपाशी तडा जन्मला होता आणि तिरका चालत गेला होता. दुसऱ्या ठोकळ्यालाही त्याच कोपऱ्यातून. तिसऱ्यालाही. पत्रा खराब असता तर तडे वाटेल तिथून गेले असते. हे एका स्क्रूला आधीच पुरतं आवळल्याचं काम होतं, आणि या घरात झोपेतसुद्धा कुणी तसं करत नसे. धाकटाही हेच शिकून वाढला होता. त्यालाही ते दिसलं असणार. म्हणून तर तो पत्र्यावर खापर फोडायला निघाला होता.

तिला तो दिवस आठवला. काम घेऊन धाकटा आला तेव्हा याच खुर्चीत बसून तो भावाला समजावत होता, तांब्यातला ताप पाण्यात कसा उतरतो, त्याचं गणित कसं मांडतात. थोरला अगदी लहान मुलासारखा पुढे वाकून ऐकत होता. मध्येच त्यानं एक प्रश्न विचारला. धाकटा हसला. प्रेमानंच हसला आणि म्हणाला, ते पुढचं आहे रे दादा, तुला कशाला ती भानगड. मग थोरलाही हसला. त्यानंतर झाकणं लावायला घेतली तेव्हा त्यानं तिला सांगितलं, आई, तू फक्त रिंगा बसव, स्क्रू मी बघतो. पाठीमागे स्क्रूड्रायव्हर कुठंही न थांबता कर्र कर्र फिरत होता. तिनं तो आवाज ऐकला होता. वळून मात्र पाहिलं नव्हतं.

वळून न पाहण्याची तिची सवय जुनी होती. नवरा गेला तेव्हा थोरल्याची शाळा नुकतीच संपली होती आणि मास्तर निकाल घेऊन घरी आले होते, याला पुढे पाठवा म्हणून सांगायला. पण कारखाना चालवायला मागे दुसरं कुणी नव्हतं. ती मास्तरांना म्हणाली, याला पहिल्यापासून मशीनचीच आवड. पुढे नातेवाइकांना तेच म्हणाली, वेल्डरला तेच म्हणाली. इतक्यांदा म्हणाली की थोरलाही मान डोलवायला लागला. धाकट्याच्या वेळी मास्तरांना यावं लागलं नाही.

"पत्रा चांगला होता," थोरला म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. माझ्या हातानं गेलं."

धाकट्यानं हसण्याचा प्रयत्न केला. "तुझ्या हातानं? अरे, तू डब्याचं झाकणसुद्धा समोरासमोर दाबून लावतोस." मग तो हळूच म्हणाला, "थकला असशील, दादा."

"थकलो असेन."

थोरल्यानं तडकलेले ठोकळे गोळा करून खोक्यात भरायला घेतले. साहेबांना खरं तेच सांग, तो म्हणाला; माझ्यापायी तू खोटं बोलू नकोस, पुढचे त्यांना घेऊ देत दुसरीकडून. काम गेलं होतं. धाकट्याला काय करावं सुचेना. तो उठला, पुन्हा बसला, आईकडे पाहत राहिला.

ती धाकट्याकडे पाहत नव्हती.

"तुला पुढे शिकायचं होतं," ती थोरल्याच्या पाठीला म्हणाली.

त्याचे हात थांबले.

"असू दे गं आई. झालं ते झालं."

"मला ठाऊक होतं रे. सगळ्या जगाला सांगत सुटले, याला मशीनचीच आवड. तुला तेवढं कधी विचारलं नाही."

थोरला वळला. किती दिवसांनी ती त्याच्या तोंडाकडे नीट पाहत होती.

"विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस," ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."