वर न येणारं पाणी

काँक्रीट ओतल्यावर मिस्त्री लगेच थापीला हात लावत नसत. आधी पाणी वर यायचं, चकाकायचं, मग विरायचं. तेव्हा कुठे त्यांचे गुडघे टेकायचे. "पाणी वर येऊ दे" हे उत्तर ते घरातही सगळ्यालाच देत. लेक वर्गात पहिली आली तरी तेच, तिने स्वतःसाठी मुलगा पसंत केला तरी तेच. ती बिचारी अजून वाट बघत होती, पण कौतुकाचं पाणी काही वर आलं नव्हतं.

आता ती बंदराच्या नव्या धक्क्यावर इंजिनिअर होती आणि बापाला तिनेच हट्टाने या कामावर आणलं होतं. मिस्त्री तिला चारचौघांत 'मॅडम' म्हणत, तेही असं की बाकीच्यांनी तोंड लपवून हसावं. जुन्या धक्क्यात खारं पाणी मुरून सळ्या गंजल्या होत्या. म्हणून या वेळी सिमेंटमध्ये सिलिका फ्यूम घालायची होती. ही धुरासारखी बारीक राखाडी भुकटी सिमेंटच्या कणांमधल्या फटी बुजवते. मग काँक्रीट मजबूतही होतं आणि खाऱ्या पाण्याला आत शिरायला जागाही उरत नाही.

"बाबा, यात पाणी वर येत नाही," तिने बजावलं होतं. "ओतलं की लगेच थापी मारायची, फवारा द्यायचा आणि झाकायचं."

"बरं, मॅडम," मिस्त्री म्हणाले आणि नमुन्याचा स्लॅब ओतल्यावर खुशाल वाट बघत बसले. ती मिक्सरपाशी गुंतली होती. परत येऊन बघते तर वाऱ्याने वरचा थर सुकून भेगाच भेगा!

मॅनेजरने सरळ सांगितलं, "उद्या पुन्हा एक नमुना. तोही बिघडला तर दुसरा मिस्त्री बघा."

संध्याकाळी घरी मिस्त्री थापी धुवत बसले होते. बापाची आयुष्यभराची इज्जत आपण पणाला लावली, असं तिला वाटत होतं. थापी खाली ठेवून मिस्त्रींनी विचारलं, "ठके, ती भुकटी पाणी पिते का गं?"

"पीत नाही, धरून ठेवते. पाण्याला वर यायला वाटच सापडत नाही."

"म्हणजे तुझ्या आईसारखी. मनातलं बाहेर येऊ द्यायची नाही."

"आईसारखी?" ती फणकारली. "आरसा आणू का?"

मिस्त्रींनी थापी पुसून पिशवीत टाकली.

सकाळी मात्र काँक्रीट सपाट होताच ते गुडघ्यांवर आले. सवयीने हात एकदा थबकला. मग थापी सरसर फिरू लागली. मागून ती फवारा मारत होती, ओली गोणपाटं पसरत होती. मधेच ते ओरडले, "मॅडम, इकडे सुकतंय!" या खेपेला कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने गोणपाट उचलून बोट फिरवलं. एकही भेग नव्हती. "तुम्हीच करा," एवढं बोलून तो गेला. लेकीने सुटकेचा श्वास सोडला आणि गोणपाट पुन्हा पसरायला वाकली.

"छान केलंस, ठके," मिस्त्री म्हणाले.

ती वाकलेलीच राहिली.

"पहिली आलीस, तेव्हाही छानच केलं होतंस. नवराही चांगला शोधलास." मिस्त्रींनी घसा खाकरला. "त्याला मात्र इतक्यात सांगू नकोस."

"मग कधी सांगू?" तिने डोळे पुसत विचारलं.

"पाणी वर येऊ दे."