न ढवळलेलं हिरवं

करुणाच्या हाताला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. शिरूरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ती पॉलिअ‍ॅनिलीन बनवत होती, म्हणजे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. त्याचे केसाहून हजारपट बारीक तंतू हवे होते. ती यंत्रावर द्रावण ढवळून ढवळून थकली, आणि पुण्याहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो यायचे ते नुसत्या गोळ्यांचे.

एकदा ऐन प्रयोगात लाइट गेली. ढवळणारं यंत्र बंद पडलं, आणि नेमक्या त्याच खेपेला चक्क तंतू निघाले.

"योगायोग आहे," तिचे प्रोजेक्टचे गाइड सर म्हणाले. "माझ्यासमोर पुन्हा करून दाखव, तरच रिझल्ट छापायला पाठवीन."

करुणाला ते झोंबलं. तंतू आपले की गेलेल्या लाइटचे, हे आता ठरायचं होतं. विचार करकरून तिला उमगलं. रेणू जोडून साखळ्या होतात, साखळ्या आपसूक जवळ येऊन तंतू होतात. ढवळलं की तंतू एकमेकांवर आपटून चिकटतात. म्हणजे एकदा मिसळायचं आणि गप राहायचं. तिच्यासारखीला हीच खरी शिक्षा.

ठरल्या दिवशी तिचे वडील नवनाथ शिक्रापूरच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला जाण्याआधी राहू गावाहून डबा घेऊन आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसले.

करुणानं अ‍ॅनिलीनचं आणि त्याचे रेणू जोडणाऱ्या रसायनाचं, अशी दोन्ही द्रावणं एकदम एकत्र ओतली, एकदाच हलवली आणि हात पाठीमागं बांधले. पाण्यासारखं नितळ. काही होईना. सरांना राहवेना, त्यांचा हात यंत्राच्या बटणाकडं गेला.

"सर, हात नको," करुणा म्हणाली.

सरांना असं कुणी कधी बोललं नव्हतं. नवनाथ स्टुलावर ताठ झाले. सरांनी हात खिशात घातला. मग निळी झाक आली आणि बघता बघता सगळं गर्द हिरवं झालं.

"झालं का गं?" नवनाथांनी हळूच विचारलं.

"रंग झाला, आप्पा. तंतू झाले का ते फोटोत कळंल."

"तू एवढा वेळ गप बसलीस, म्हंजी झालेच असणार."

फोटो आले. पेंढीतल्या काड्यांसारखे तंतूच तंतू, गोळा औषधालाही नाही. सरांनी रिझल्ट तिच्या नावानं छापायला पाठवला. तिनं फोटो धाडून वडिलांना फोन लावला. त्यांनी उचलला, पण यंत्रांच्या गोंगाटात ते फोन हातात धरूनच शेजारच्या बिहारी कामगाराला सांगत होते, "मेरी लडकी ने बनाया. इसमें से करंट जाता हाय."

"कैसे बनाया?"

"सर को बोली, हात मत लगाव," नवनाथ म्हणाले, आणि मग सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं पुन्हा एकदा म्हणाले.