घासून काढलेलं दार

एल्डन कुबिचेकच्या संग्रहालयात न चालणाऱ्या वस्तूला जागा नव्हती. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमध्ये त्याच्या दोन लांबलचक पत्र्याच्या शेड होत्या. एकीत अकरा लष्करी गाड्या, दुसरीत बंदुका. चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करून निवृत्त झालेला हा माणूस उन्हाळ्यात दर शनिवारी सगळ्या गाड्या बाहेर काढायचा आणि मागच्या मातीच्या बांधावर मशीनगनच्या फैरी झाडून दाखवायचा. लोक दीडशे मैलांवरून यायचे. बायको लव्हॉन तिकिटं फाडायची आणि कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, विकायची.

"इथे बिघडलेला मी एकटाच," तो पाहुण्यांना सांगायचा. "गुडघे गेलेत."

"आणि कानही," लव्हॉन तिकिटांच्या टेबलावरून ओरडायची. "ते सांगत नाही, कारण मी सांगितलेलं ऐकूच येत नाही त्याला."

त्याचा सगळ्यात जास्त जीव हाफ-ट्रॅकवर होता. पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेली ही गाडी बेल्जियममध्ये एका लाकूड व्यापाऱ्याच्या आवारात चाळीस वर्षं गंजत पडली होती. एल्डनने ती बोटीने आणवली आणि तीन हिवाळे खपून नवी कोरी केली. बॉनेटवरचा जुना नंबर मात्र गंजाखालून शोधून काढून त्याने होता तसाच पुन्हा रंगवला.

त्या नंबरामुळेच मे महिन्यात पत्र आलं. ओहायोहून, रोझलिंड टीग नावाच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंचं. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे वडील मेरिल ही गाडी चालवायचे. जुन्या फोटोतला नंबर आणि एल्डनच्या संकेतस्थळावरचा नंबर एकच होता.

'मी जन्मले तेव्हा बाबा आघाडीवर होते,' बाईंनी लिहिलं होतं. 'मी तीन महिन्यांची असताना ते तिकडेच गेले. त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांच्या एका सोबत्याने शेवटच्या आजारपणात मला सांगितलं, की माझ्या जन्माची बातमी आली त्या दिवशी बाबांनी संगिनीच्या टोकाने ड्रायव्हरच्या दाराला आतून माझं नाव कोरलं होतं. मला ते बघायचंय. त्यांच्या हातचं माझ्यासाठी दुसरं काहीच नाही.'

एल्डनने पत्र दोनदा वाचलं आणि लव्हॉनकडे सरकवलं. तिने वाचून चष्मा काढला.

"होतं ना रे तिथे काहीतरी?"

"होतं."

"निदान फोटो काढून ठेव म्हटलं होतं मी."

"म्हणाली होतीस."

कुणा पोरांनी खरवडलंय, असं म्हणून त्याने तेव्हा त्या दारावर वाळूचा मारा केला होता. उरलेल्या चरांमध्ये पुट्टी भरली होती, वर हिरव्या रंगाचे तीन हात दिले होते. दार आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. त्यावरून हात फिरवताना त्याला केवढं समाधान वाटलं होतं!

"आजच फोन कर तिला," लव्हॉन म्हणाली. "एवढ्या लांबून उगाच यायला नको."

"करतो."

पण त्याने केला नाही. तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवून दिला. बाई येणार होत्या तो जूनमधला गुरुवार उजाडला. सकाळी त्याने बंदुकांच्या शेडमधल्या कपाटातून एक संगीन काढली, हाफ-ट्रॅकमध्ये चढला आणि दारावर नावाचं पहिलं अक्षर कोरलं. रंगाखालून लख्ख पोलाद चमकलं. दुसरं अक्षर सुरू करणार तोच बाहेर लव्हॉन उभी दिसली.

"खूश होऊन जाईल गं बिचारी," तो म्हणाला. "तिला काय कळणार आहे?"

"नाही कळणार. मग पुढच्या वर्षी नातवंडांना घेऊन येईल. तेव्हा नजर कुठे लपवणार आहेस तू?"

त्याने संगीन खाली ठेवली.

बाई अकराला आल्या. उंच, ताठ, हातात कागदाची गुंडाळी आणि मऊ पेन्सिल. अक्षरांवर कागद ठेवून ठसा घ्यायचा होता त्यांना. दारावरचं ते एकच अक्षर पाहून त्या थबकल्या.

"हे?"

"हे मी कोरलं. आज सकाळी," एल्डन म्हणाला आणि बाकीचं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याला मान वर करता आली नाही.

 बाई गाडीत चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या.

"मिस्टर कुबिचेक, तुम्ही ते वाचलं होतंत?"

"पाहिलं होतं. वाचलं नाही."

"मोठ्या अक्षरात होतं का?"

"माहीत नाही, बाई."

"आठवा ना. काहीही."

त्याने डोळे मिटले. आता काहीही सांगितलं असतं तरी बाईंनी खरं मानलं असतं, हे त्याला कळत होतं. "दोन ओळी होत्या," तो सावकाश म्हणाला. "खालच्या ओळीत आकडा होता, असं वाटतंय. सात असावा. पण शपथ नाही घेऊ शकत मी."

बाईंनी कागदाची गुंडाळी छातीशी धरली. "सात पौंड दोन औंस. आईने माझं वजन कळवलं होतं त्यांना."

सात खरंच तिथे होता, की बाईंना देण्याजोगं काहीतरी मनाने ऐन वेळी रचलं, हे एल्डनला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही.

त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलं. त्याने केलं. सगळी गाडी थरथरायला लागली आणि बाई दाराच्या गुळगुळीत पत्र्यावर तळवा टेकून बसून राहिल्या. दहा मिनिटांनी त्यांनी बंद करा अशी खूण केली.

"आवाज तरी हाच ऐकला असेल त्यांनी," उतरताना त्या म्हणाल्या. "पण झालं ते झालं, असं काही मी म्हणणार नाही तुम्हाला."

"नका म्हणू."

लव्हॉनने पुढे केलेला कोलाचेंचा डबा त्यांनी घेतला, तिचे आभार मानले आणि निघून गेल्या. पुन्हा त्यांचं पत्र आलं नाही. एल्डनने दोन लिहिली, पोस्टात एकही टाकलं नाही.

पुढच्या वसंतात कॅन्ससहून एक मोडका लष्करी ट्रक आला. एल्डनने चार दिवस वाळूच्या यंत्राला हात लावला नाही. टॉर्च आणि वही घेऊन दारं, सीटखालचा पत्रा, मागच्या फळ्या, सगळं वीत वीत तपासलं. कारखान्याच्या ठोकलेल्या क्रमांकाशिवाय कुठेच काही नव्हतं. त्याने तो क्रमांक वहीत लिहून घेतला, आणि तरी पाचव्या दिवशी पुन्हा टॉर्च घेऊन आत शिरला.