डाव्या फाट्यातल्या पेट्या

एक गोल. आत बारा आकडे, पाच आणि सहा जरा दाटीनं बसलेले. काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर.

साखरेच्या डब्यामागे लपवलेली गाडीची किल्ली.

भिंतीवर हिरवे दिवे, एकामागे एक, मुंग्यांनी रांग धरावी तसे.

पोहण्याच्या तलावाबाहेर पायरीवर बसलेली मुलगी. डोक्यावरची रबरी टोपी अजून काढलेली नाही.

'शक्य होईल तिथे मागे वळा.'

जाहिरात: एकाच माणसानं वापरलेली, जपून चालवलेली गाडी विकणे आहे. विकण्याचं कारण – इथे पेन थांबल्याचा ठिपका – घरगुती.

*

हे सगळं एकाच घरातलं आहे. गोल वडिलांनी काढला, डॉक्टरांच्या समोर बसून. किल्ली धाकट्यानं लपवली. दिवेही धाकट्यानंच लावले. पायरीवरची मुलगी धाकट्याची, घरात तिला चिमणी म्हणतात. धाकटा म्हणजे खरं तर चांगला बाप्या माणूस, पण ताई त्याच्याहून मोठी, म्हणून लग्न झालं, पोरगी झाली, कानावरचे केस पांढरे व्हायला लागले तरी तो धाकटाच राहिला.

त्याची नोकरी बोगद्यात. बोगद्याच्या पोटात आकाशातला सिग्नल पोचत नाही. गाडीतल्या फोनवरचा बाण तोंडाशीच थिजतो आणि बाहेर पडेपर्यंत माणूस रामभरोसे. साध्या बोगद्यात त्याचं काही अडत नाही, पण या बोगद्याला आतच दोन फाटे फुटतात. डावा फाटा गावात जातो, उजवा गोदामांकडे. म्हणून भिंतीवर पेट्या लावायच्या ठरल्या. साबणाच्या वडीएवढी पांढरी पेटी. ती जवळून जाणाऱ्या फोनला सांगते, तू आत्ता इथे आहेस. प्रत्येक पेटीला तिची जागा आधीच शिकवून ठेवलेली. आपण फक्त त्या जागी नेऊन ती ठोकायची.

धाकट्यानं आणि त्याच्या जोडीदारानं त्या ठोकल्या. जोडीदाराला सगळे पाना म्हणत, कारण त्याच्या खिशात तो कायम असे आणि वेळेला कधीच सापडत नसे. प्रत्येक पेटीवर हिरवा दिवा लागला. संध्याकाळी घरी जेवताना धाकट्यानं त्याचं वर्णन दोनदा केलं. दुसऱ्यांदा बायको म्हणाली, कळलं, हिरवे होते.

*

दुसऱ्याच दिवशी वडील हरवले.

वडिलांनी उभी हयात बेकरीची पावाची गाडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एकच फेरी उरली होती, चिमणीला तलावावरून आणायची. त्या एका फेरीसाठी ते इस्त्रीचा शर्ट घालत. त्या दिवशी तलाव बंद झाला, राखणदारानं फाटकाला कुलूप घातलं, आणि चिमणी पायरीवर टोपी घालून बसून राहिली. शेवटी तिच्या मैत्रिणीच्या आईनं तिला घरी आणून सोडलं. वडील सापडले ते ट्रकच्या वजनकाट्यापाशी. बोगदा, वजनकाटा, पुन्हा बोगदा असे ते पेट्रोलचा काटा खाली येईपर्यंत गोल फिरत राहिले होते.

घरी सगळे आधी घाबरले होते, मग चिडले. ताई फोनवरून रडली. वडील खुर्चीच्या कडेवर बसून एवढंच म्हणत होते की फोननं सांगितलं तसा मी वळलो.

तेव्हा धाकटा बोलला. आवाज न चढवता, समजावणीच्या सुरात, आणि तेच पुढे त्याला जास्त लागत राहिलं.

"फोनवर ढकलू नका, बाबा. त्या पेट्या मी स्वतः लावल्यात. डावं-उजवं तुम्हाला कळेनासं झालंय."

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच मान हलवली.

"तू लावल्यास ना. मग माझंच चुकलं असणार."

किल्ली साखरेच्या डब्यामागे गेली. डॉक्टरांची वेळ ठरली.

*

वडिलांकडून कागदावर घड्याळ काढून घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, तसं काळजीचं काही दिसत नाही, पण काही दिवसांनी पुन्हा एकदा बघू. घरानं 'पण'च्या पुढचं तेवढं ऐकलं. वडिलांनीही.

त्यानंतर वडील बदलले. लिफ्टमध्ये शिरताना विचारायचे, वर ना? नळ बंद करून परत बघायला जायचे. सूनबाईंना म्हणायचे, मी चहा घेतला का गं? पण ते विसरत नव्हते. आपण विसरतोय अशी त्यांची खात्री पटली होती, म्हणून प्रत्येक गोष्ट ते दुसऱ्याकडून तपासून घेत होते. हा फरक त्या घरात कुणाच्याच ध्यानात आला नाही.

एका जेवणात त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की गाडी विकू या, उगाच उभी राहून सडतेय. धाकट्याला मनातून सुटल्यासारखं झालं. तेही त्याला पुढे लागलं.

*

बुधवारी चिमणीला आणायची पाळी धाकट्यावर आली. त्यानं वडिलांची गाडी काढली आणि सवयीनं फोनवर रस्ता लावला.

बोगद्यात शिरा. शिरला. डावा फाटा धरा. धरला. आणि बाण टुणकन उडून उजव्या फाट्यात जाऊन बसला.

फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, 'शक्य होईल तिथे मागे वळा.' बाहेर पडताच म्हणाली, 'पहिल्या उताराला उतरा.' धाकटा उतरला. सवयीच्या माणसाचा हात आधी वळतो, डोकं मागून येतं. उतार एकेरी होता, मागे वळायला जागाच नव्हती. तो थेट वजनकाट्यापाशी नेऊन सोडत होता, आणि तिथला रस्ता पुन्हा बोगद्याच्या तोंडाशी.

काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला, हल्ली रोज येतात चारपाच गाड्या. सगळे फोनकडे बघतच उतरतात. मध्ये एक म्हातारे गृहस्थ तर किती वेळा आले, मी पाणी दिलं त्यांना.

धाकट्यानं गाडी बाजूला घेतली. पेट्या लावल्या त्या दिवशी बोगद्याचं अलीकडचं तोंड धुवायला घेतलं होतं, म्हणून तो आणि पाना पलीकडून शिरले होते, गाड्या जिथून बाहेर पडतात तिथून. समोर दोन तोंडं. डाव्या हाताच्या तोंडात त्यानं डाव्या फाट्याच्या पेट्यांचं खोकं नेलं. पण आत येणाऱ्याचा डावा फाटा बाहेरून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. पेटी जिवंत असली की दिवा हिरवा लागतो. ती कुठे लागली आहे याच्याशी दिव्याला काही देणंघेणं नसतं.

डावं-उजवं कळेनासं झालंय. हे कुणी कुणाला म्हटलं होतं?

तलावाशी चिमणीनं विचारलं, पप्पा, तुम्ही रडताय का? तो म्हणाला, तलावातलं औषध झोंबतंय गं. ती म्हणाली, पण तुम्ही तर बाहेर उभे आहात.

*

गुरुवारी त्यानं आणि पान्यानं देखभालीचा फलक लावून पेट्या अदलाबदल केल्या. पाना म्हणाला, आपण दोघं सोडून कुणाला कळणारेय? मिटलं. धाकट्यालाही वाटलं, मिटलं.

घरी सांगायची वाक्यं त्यानं जुळवून ठेवली होती.

बाबा, एक गंमत झाली. (गंमत?)

बाबा, ऑफिसकडून एक चूक झाली. (ऑफिस कोण?)

बाबा, तुम्हाला आठवतं का – (हे तर मुळीच नको.)

शुक्रवारी डॉक्टरांकडे पुन्हा जायचं होतं. गाडीत वडील शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, परीक्षेला निघालेल्या पोरासारखे. सांगायला रस्ताभर जागा होती. धाकट्यानं रेडिओ लावला.

वडिलांनी पुन्हा घड्याळ काढलं, पहिल्यापेक्षा नेटकं. काढून झाल्यावर कागद डॉक्टरांकडे सरकवला, आणि डॉक्टरांना सोडून मुलाला विचारलं, "बरोबर आलंय ना रे?"

धाकटा हो म्हणाला. त्याची नजर टेबलाच्या कडेवर होती.

*

रविवारी गाडी बघायला ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या. खमक्या. त्यांनी टायरांवर लाथा मारून पाहिल्या, क्लच दाबून पाहिला, दारं आपटून कान देऊन ऐकली. मग म्हणाल्या, काका, इतकी चांगली गाडी विकताय का?

वडील हसून म्हणाले, "गाडीला धाड भरलेली नाही हो. ड्रायव्हरच कामातून गेलाय."

बाई हसल्या. वडीलही आणखी थोडं हसले, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून. धाकटा दोघांच्या मध्ये किल्ली हातात धरून उभा होता. बाईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"बाबा," तो म्हणाला, "पेट्या उलट्या लागल्या होत्या."

"कुठल्या पेट्या?"

"बोगद्यातल्या. डाव्याच्या उजव्यात, उजव्याच्या डाव्यात. फोन खोटं सांगत होता. तुम्ही बरोबर होतात."

"लागल्या होत्या," वडील म्हणाले. "आपोआप?"

"मी लावल्या. माझ्या हातानं."

बाई मागच्या टायराकडे गेल्या आणि तो फारच बारकाईनं बघू लागल्या.

वडिलांच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं धाकट्याला वाटलं होतं. निदान राग तरी.

"तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

वडिलांनी बोटांवर अंगठा सरकवला. एक पेर, दुसरं पेर.

"म्हणजे शुक्रवारी मी घड्याळ काढत होतो, तेव्हा तुला ठाऊक होतं."

धाकट्याला मान वर करता येईना. त्यानं फक्त किल्ली पुढे केली, आणि ती आपण बक्षीस दिल्यासारखी पुढे करतोय असं वाटून हात पुन्हा मागे घेतला. वडिलांनी ती त्याच्या मुठीतून काढून घेतली.

बाईंना ते म्हणाले, माफ करा, तुमची चक्कर फुकट गेली. बाई म्हणाल्या, छे हो, टायर मात्र बदला.

"चिमणीची सुटायची वेळ झाली," वडील म्हणाले आणि गाडीत बसले. धाकटा पुढचं दुसरं दार उघडायला गेला.

"मागे बस."

तो मागे बसला, चिमणीच्या, बुधवारी गाडीतच राहिलेल्या टॉवेलशेजारी. वडिलांनी खिशातला फोन काढून न बघता मागे दिला. बंद कर म्हणाले. त्यानं बंद केला.

बोगद्यात हिरवे दिवे एकेक करून मागे पडत गेले, प्रत्येक आता आपापल्या जागी. फाटा आला तसा गाडीचा वेग कमी झाला. वडिलांनी डावीकडचा दिवा दिला. बंद केला. पुन्हा दिला. मागून कुणीतरी भोंगा वाजवला.

"डावीकडेच ना रे?"

"हो, बाबा."

आरशात त्यांचे डोळे दिसत होते. धाकट्यानं टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

*

पेट्या लावून झाल्या त्या संध्याकाळी, जेवताना, वडील म्हणाले होते की रस्ता त्यांना पाठ आहे, आजवर कधी फोनची गरज पडली नाही, पण उद्या ते फोनवर रस्ता लावून फोनचंच ऐकत जाणार आहेत, मुलाचं काम कसं झालंय ते बघायला.