नांदेडची लाईट

चंद्रप्पांना कोणी काहीही बोललं तरी चालत असे. चाळीस वर्षं मोंढ्यात हळदीचा व्यापार केलेल्या माणसाची कातडी जाडच असते. पण लातूरचे व्याही बसलिंगप्पा यांनी फोनवर जेव्हा चौथ्यांदा सांगितलं, "इवाई, कॉम्प्युटरला काही झालं न्हाई, तुमच्या नांदेडची लाईटच खराब हाय," तेव्हा मात्र त्यांना ते लागलं. फोन ठेवून त्यांनी घरातल्या पंख्याकडे पाहिलं, ट्यूबकडे पाहिलं, आत जाऊन फ्रीजवर हात ठेवून आले. सगळं गुमान चाललं होतं. बंद पडत होता तो एकटा सुनेचा कॉम्प्युटर.

सून मंजुश्री, बसलिंगप्पांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी लग्न होऊन ती नांदेडला आली, ती रुखवतासोबत हा कॉम्प्युटर घेऊनच. बसलिंगप्पांचं लातूरला गंजगोलाईजवळ कॉम्प्युटरचं दुकान. लेकीच्या कॉम्प्युटरला त्यांनी नोकराला हात लावू दिला नव्हता. एकेक भाग स्वतः निवडला, स्वतः जोडला, आत रंगीत दिवे लावले, आणि डब्याच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढून मगच टेम्पोत चढवला. लेकीला निरोप देताना हा बाप रडला नाही, टेम्पो हलल्यावर रडला. हे चंद्रप्पांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्या माणसाला काही कडू बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ रेटत नसे.

मंजुश्रीचं काम घरातूनच चाले. लातूरच्या एका क्लाससाठी ती फिजिक्सचे धडे हलत्या चित्रांत बनवी. दोरीला बांधलेला दगड कसा फिरतो, दोरी तुटल्यावर तो कुठे जातो, असलं सगळं. चित्रं तयार झाली की त्यांचा पक्का व्हिडिओ करायला कॉम्प्युटरला दोन-तीन तास मान मोडून राबावं लागे. याला ती रेंडर म्हणे. आणि गेले चार महिने नेमकं त्याच वेळी, कधी अर्ध्यावर, कधी काठाशी आल्यावर, डब्यातून टक् असा आवाज येई आणि सगळं काळं होई. मग पुन्हा पहिल्यापासून.

बसलिंगप्पांचे उपाय एकेक करून आले. आधी स्टॅबिलायझर. मग चांगला बैलाएवढा जड यूपीएस, जो पाहून चंद्रप्पांच्या पत्नी नीलम्मा दारातच म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" मग फोनवरून हुकूम आला की अर्थिंग कमजोर असणार, खड्ड्यात मीठ-कोळसा घाला. चंद्रप्पांनी भर उन्हात अंगणात खड्डा खणून घेतला, पोतंभर मीठ-कोळसा ओतला, आठ दिवस सकाळ-संध्याकाळ त्यात पाणी घातलं. शेजारच्या पारिजातकानं तेवढी मान टाकली. कॉम्प्युटर होता तसाच राहिला. शेवटी डब्याखाली लाकडी पाट ठेवायचा सल्ला आला, तोही ठेवला. घरात जावयाला नसेल इतका मान त्या डब्याला मिळाला.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. पण करणार काय? समोर उभं राहून दुकानदाराच्या मालाला खोटं म्हणायचं नाही, हा चंद्रप्पांचा मोंढ्यातला नेम. त्यात दुकानदार व्याही, आणि माल म्हणजे त्यानं लेकीला दिलेलं आंदण. एक शब्द वाकडा गेला की तो थेट सुनेच्या माहेरावर जाणार.

सोमवारी शेवटचे धडे द्यायचे होते. नाही दिले तर क्लासवाले काम हैदराबादच्या कंपनीला देऊन मोकळे होणार, हे त्यांनी साफ सांगितलं होतं. त्या गुरुवारी दुपारी पुन्हा टक् झालं. चंद्रप्पा चहाचा कप घेऊन आत गेले तर पोरगी काळ्या पडद्यासमोर नुसती बसलेली. रडत नव्हती, ते त्यांना जास्त वाईट वाटलं.

"मामा, लाईट चांगली हाय आपली," ती हळूच म्हणाली.

"मला माहीत हाय बाई. मग काय बिघडलंय?"

"सप्लाय. डब्यात आलेल्या लाईटीची वाटणी करतो ना, तो. चित्रं काढणारं कार्ड मोठं हाय, त्याला जोर लई लागतो. हा सप्लाय डब्यासोबत फुकट आलेला. काम वाढलं की त्याचा दम सुटतो."

"मग आजच नवा आणू की! आपल्या गावात दुकानं कमी हायेत का?"

"नको." तिनं मान हलवली. "अप्पा महिन्याला येतात तवा डबा उघडून आतून पुसतात. लगेच दिसंल त्यांना. मी लग्नाआधीच म्हणलं होतं, सप्लाय चांगला घालू. तर म्हणले, अगं सप्लाय कोण बघतंय, तुला कार्ड भारी घेतो. स्वतःच्या दुकानातलं लई भारी कार्ड काढून दिलं त्यांनी. आता त्यांचं चुकलं म्हणून कसं सांगू? तुम्हीबी सांगू नका, मामा. माझी शपथ हाय."

चंद्रप्पांनी शपथ घेतली, आणि बाहेर येऊन झोपाळ्यावर बसून त्या शपथेला बगल कशी द्यावी याचा विचार करू लागले. व्यापारी माणूस. सांगू नको म्हटलंय, दाखवू नको असं कुठं म्हटलंय!

यंदा अधिक महिना होता, आणि लग्नानंतरचा पहिलाच. त्यामुळे रविवारी लातूरला धोंड्याचं जेवण ठरलेलंच होतं. सासऱ्यानं जावयाला पाटावर बसवायचं, अनारशांचं ताट द्यायचं, पोटभर पुरण वाढायचं. चंद्रप्पांनी जाहीर केलं, "मंजुश्रीचं काम खोळंबून राहिलंय. कॉम्प्युटर सोबत घ्या. तिथं चालू ठेवा."

मुलगा मल्लिनाथ मुदखेडला रेल्वेत होता. त्याला बापाची चाल कळली नाही, पण ओझं कळलं. "बाबा, धोंड्याला अनारसे आणायला चाललोय का कॉम्प्युटर पोचवायला?"

"तू जावई हाईस. जावयानं बोलायचं नसतं, खायचं असतं."

पहाटेच निघाले. मागच्या सीटवर सासू आणि सून, मधे डबा, त्याला उशी लावलेली, पट्टा बांधलेला. लोह्याच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता तिथे नीलम्मांनी आपला गुडघा सोडून डब्याला धरलं. चंद्रप्पा पुढे बसून गालात हसत होते. पण अहमदपूर मागे पडलं तसं त्यांचं हसू ओसरत गेलं. भर पंगतीत व्याह्याचं नाक कापलं जाणार, आणि सुरी आपण गाडीत घालून घेऊन चाललोय, हे काही बरं नाही, असं त्यांना वाटायला लागलं. एकदा तर त्यांनी मल्लिनाथला गाडी वळव म्हणायला तोंडही उघडलं. मग आरशात सुनेचे झोपेनं जडावलेले डोळे दिसले आणि त्यांनी तोंड मिटलं.

बसलिंगप्पांचं घर दुकानाच्या वरच. "शरणु शरणार्थी, इवाई!" करत त्यांनी मिठी मारली आणि लगेच डब्याकडे धावले. "बरं केलं आणलात. आता बगा, लातूरच्या लाईटीवर कसा पळतो!" खालून दुकानातला पडदा आणून त्यांनीच तो जोडला. मंजुश्रीनं दगड-दोरीचा धडा रेंडरला लावला. बसलिंगप्पांनी पाव्हण्यारावळ्यांना एकेक करून खोलीत नेऊन दाखवलं. "माझ्या हातानं बांधलाय. नांदेडला बिचाऱ्याला लाईटच धड मिळत न्हाई."

चंद्रप्पा हात धुवायला निघून गेले.

पंगत बसली. मल्लिनाथ पाटावर, कपाळाला विभूती, पुढे दिवा ठेवलेलं अनारशांचं ताट. पुरणावर तूप पडलं. चंद्रप्पांचा सगळा जीव पलीकडच्या खोलीत. डब्याचा पंखा घरघर चालला होता, आणि गंमत म्हणजे ज्या आवाजासाठी ते एवढ्या लांब आले होते तो येऊ नये असं आता त्यांना मनापासून वाटत होतं. चालू दे बाबा, नांदेडचं नाव खराब राहिलं तर राहू दे.

दुसरी पोळी मोडली तोवर टक् झालं. घरघर थांबली.

पंखे फिरत होते. समईशेजारी लावलेली रंगीत माळ लुकलुकत होती. पंगतीतला कोणीतरी भाबडेपणानं म्हणाला, "लाईट तर हाय की."

बसलिंगप्पांचा घास हातातच राहिला. चंद्रप्पांनी चार महिने हा क्षण मनात घोळवला होता. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण व्याह्याचा चेहरा उतरलेला पाहिला आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "गाडीत हललं असंल, इवाई. लोह्याचा रस्ता लई बेकार."

"हाव अप्पा," मंजुश्री वाढता वाढता घाईनं म्हणाली, "हललंच असंल. मीच नीट धरलं न्हाई."

दुसऱ्या कोणत्याही दुकानदारानं ती सबब दोन्ही हातांनी झेलली असती. बसलिंगप्पांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना असल्या सबबी स्वतः दिल्या होत्या. पण आपली लेक आपल्यासाठी खोटं बोलतेय, भरल्या पंगतीत स्वतःवर घेतेय, हे त्यांना सहन झालं नाही. त्यांनी घास ताटात ठेवला. "मंजू, खरं सांग. सप्लाय हाय ना?"

तिनं हातातली पोळ्यांची परात खाली ठेवली.

"तुला माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही बांधलेला होता ना, अप्पा."

बसलिंगप्पा उठले. भरल्या ताटावरून उठू नये म्हणून बायको ओरडत राहिली, पण ते हात धुऊन जिना उतरले. चंद्रप्पा मागोमाग. त्यांना वाटलं व्याही दुकान उघडणार. बसलिंगप्पांनी आपल्या दुकानाकडे पाहिलंसुद्धा नाही. नव्या धोतरानं, कपाळाच्या विभूतीनं ते रस्ता ओलांडून थेट समोरच्या दुकानात शिरले.

समोरचं दुकान गुरुबसप्पाचं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो आधी सप्लाय घ्यायला लावी, मग बाकीचं. त्यामुळे त्याचा कॉम्प्युटर महाग पडे आणि गिऱ्हाईक रस्ता ओलांडून बसलिंगप्पांकडे येई. बसलिंगप्पांनी त्याचं नाव सप्लायबाबा ठेवलं होतं आणि सगळ्या बाजारात पसरवलं होतं. लग्नाच्या मांडवात हे नाव चंद्रप्पांच्याही कानावर आलं होतं.

"एक चांगला सप्लाय दे," बसलिंगप्पा म्हणाले.

गुरुबसप्पानं वर पाहिलं. दुसरा कोणी असता तर त्यानं एवढ्यावर गल्ली गोळा केली असती. त्यानं फक्त विचारलं, "तुमच्या दुकानात न्हाईत का, अण्णा?"

"हायेत. भिंतभर हायेत." बसलिंगप्पांचा आवाज चिरकला. "पोरीला लावायजोगा एक न्हाई."

बसलिंगप्पांना आपण काय बोलून गेलो ते आता समजलं असावं. त्या भिंतीवरचा माल त्यांनी किती जणांच्या पोरांना विकला होता! चंद्रप्पा रस्त्याकडे बघत राहिले. हा माणूस आपल्याला आज पहिल्यांदा खराखुरा आवडला, हे त्यांच्या ध्यानात आलं.

गुरुबसप्पानं मग शांतपणे विचारलं. कार्ड कोणतं, सलग किती तास चालतं, पूर्ण जोरावर का अधूनमधून. सप्लाय काढून दाखवताना तो चंद्रप्पांना म्हणाला, "काका, आकडा मोठा छापायला काय लागतं? तेवढा जोर तासन्‌तास देतो का, अन् कंपनी किती वर्षं बदलून देते, ते बघायचं."

"आमच्याकडं हळकुंड मोडून बघतात," चंद्रप्पा म्हणाले. "वरून पॉलिश समद्यांनाच असतं."

जुना सप्लाय बसलिंगप्पांनी स्वतः काढला. हातात घेतल्यावर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. नवा बसवताना मंजुश्रीनं बॅटरीचा उजेड धरला. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी विभूतीची बोटं आतल्या बाजूला, सप्लायवर ओढली. बाहेर दिसणार नाहीत अशी.

मंजुश्रीनं धडा पुन्हा पहिल्यापासून लावला. ताटं गार झाली होती. नीलम्मांनी सगळ्यांना पुन्हा गरम वाढलं. पुरण संपलं, पान झालं, पाव्हणे लवंडले, उन्हं कलली आणि पडद्यावर दोरी तुटून दगड सरळ रेषेत निघून गेला. धडा पूर्ण झाला होता. मंजुश्री पडद्याकडे बघत एकदम रडायला लागली आणि बापानं तिचं डोकं पोटाशी धरलं.

निघायच्या वेळी जिन्याखाली सगळे जमले. बसलिंगप्पांनी चंद्रप्पांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इवाई, नांदेडची लाईट चांगली हाय."

या एका वाक्याची चंद्रप्पांनी चार महिने वाट पाहिली होती. आता ते मिळालं, तेही चारचौघांत. त्यांनी हात सोडला नाही. "हाय ना," ते म्हणाले. "लेकीनं तुमचं मन राखायला ती चार महिने खराब म्हणू दिली."