हमखास घरपोच

फुकट काही मिळतंय म्हटलं की माणूस आधी हात पुढे करतो आणि मग अटी वाचतो. मी आधी अटी वाचते, मग देणाऱ्याचं तोंड बघते आणि मग घेणाऱ्याचं. म्हणूनच विद्यापीठाच्या कर्मचारी कल्याण विभागात मला बसवलंय, आणि म्हणूनच माझ्या पाठीमागे मला सगळे 'भिंग' म्हणतात. म्हणोत बापडे. भिंग लागतं तिथे चष्म्यानं भागत नाही.

आमच्या वाहनतळाच्या जागेवर नवी प्रयोगशाळा बांधायला घेतली आणि सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. मग वरच्या मंडळींनी सवलतींचा पाऊस पाडला. गाडी घरी ठेवलीत तर बसचा पास फुकट. सायकल घेतलीत तर निम्मी किंमत विद्यापीठ देणार. तिघं मिळून एका गाडीतून आलात तर फाटकाजवळची सावलीतली जागा तुमची. आता सवलत निघाली की शहाण्यासुरत्या माणसाचं डोकं कसं चालतं ते मला विचारा. सांख्यिकीचे एक प्राध्यापक गाडीतला तिसरा माणूस म्हणून रोज सासऱ्यांना घेऊन यायला लागले. सासरे बिचारे फाटकातून आत यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि चालत घरी जायचे. सांख्यिकीचा माणूस, आणि तीन मोजताना चुकला! लेखा विभागातल्या एकानं निम्म्या किमतीची सायकल भाच्याला देऊन टाकली आणि स्वतः मोटारसायकलवरून येत राहिला. दोघांनाही मीच पकडलं. मी स्वतः मात्र अजून स्कूटरनंच जाते. बसवर माझा भरवसा नाही.

बसनं येणाऱ्यांची एक तक्रार मात्र रास्त होती. आमची बस सकाळी आणते ती संध्याकाळीच परत नेते. मधल्या वेळात घरी कोणी आजारी पडलं तर जायचं कसं? म्हणून 'हमखास घरपोच' नावाची सवलत निघाली. कल्याण विभागाला फोन करायचा, विद्यापीठाची गाडी तुम्हाला घरी सोडणार. अट एकच, आजारी माणूस तुमच्या घरातलं हवं. त्यावर कुलसचिवांनी मेख मारून ठेवली की आधी गाडी द्यायची, चौकशी मागाहून.

"अहो, तिकडे माणूस तडफडत असेल आणि तुम्ही इकडे पुरावा मागत बसाल," असं ते मला भर बैठकीत म्हणाले. सगळे हसले. मी मनात म्हटलं, फुकट ते पौष्टिक. आता बघा घरोघरी कशी साथ येते ती.

साथ आली नाही, हे मान्य करते. लोकांनी फार जपून वापरली ती सवलत. अपवाद एकच, बाइंडरबाई.

ग्रंथालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांची बांधणी करतात त्या. माझ्याच वयाच्या असतील. बोटांना कायम खळ लागलेली, बोलणं कमी, आणि नोकरी कराराची, वर्षाच्या वर्षाला नवी होणारी. हिवाळ्यापासून त्यांचे फोन सुरू झाले. "मॅडम, गाडी मिळेल का? म्हातारं माणूस आहे, त्रास होतोय." गाडी जायची, बाई तासा-दोन तासांनी परत यायच्या आणि पुन्हा खळ ढवळायला बसायच्या. एकदा झालं, दोनदा झालं, मग होतच राहिलं.

आता गंमत अशी की बाइंडरबाई एकट्या राहतात. नवरा फार पूर्वी गेला, आईवडील त्याच्याही आधी, मूलबाळ नाही. हे मला दुसऱ्या कोणी नाही, त्यांनीच सांगितलेलं. पास घ्यायला आल्या तेव्हा हसत म्हणाल्या होत्या, "संध्याकाळची बस उशिरा सुटली तरी माझी तक्रार नाही हो. घरी वाट बघणारं कोणी नाही." मग हे म्हातारं माणूस उगवलं कुठून? पाणी कुठेतरी मुरत होतं.

मी ड्रायव्हरकाकांना गाठलं. हा माणूस एरवी इतका बोलतो की त्यांच्या गाडीला हॉर्नची गरज पडत नाही.

"बाइंडरबाईंना कुठे सोडलंत?"

"घरी."

"कोणाच्या घरी?"

"आजारी माणसाच्या," असं म्हणून ते गाडीची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

म्हणजे हेही सामील! मी तडक कुलसचिवांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "त्यांचा करार याच आठवड्यात नवा व्हायचाय," ते म्हणाले. "खोटं सांगून सवलत घेतली असेल तर मला तो करता येणार नाही. बाईंची नोकरी जाईल. पण नीट खात्री करा. नुसत्या संशयावरून मी कोणाच्या पोटावर पाय देणार नाही."

"खात्री मी स्वतः करते," मी म्हटलं.

आणि कोणाला वाटेल की मी उगीच हवेत बाण मारत होते, तर तसं नाही. खोटं आजारपण ओळखायला मी घरातच शिकले. आई माझ्याकडे असते, आम्ही दोघीच. मागच्या वर्षी तिचे ऑफिसात फोन यायचे. श्वास लागतोय, ये. मी स्कूटर दामटत घरी जायची, तर ही खुर्चीत बसून रेडिओ ऐकतेय. डॉक्टरांना दाखवलं, त्यांना तेव्हा काही सापडलं नाही. मग मी फोनवरच उलटतपासणी सुरू केली. कधीपासून लागतोय? काय करत होतीस? मग एवढं बोलता कसं येतंय? हळूहळू फोन यायचे बंद झाले. प्रश्न विचारले की सोंग गळून पडतं, हा माझा अनुभव.

मंगळवारी जेवणाची सुट्टी संपताना फोन वाजला. "मॅडम, गाडी हवी होती. लगेच." आवाज धाप लागल्यासारखा होता. मी म्हटलं, "बाहेर या, गाडी तयार आहे." पर्स उचलली, जिना उतरले आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले.

ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही?"

"का, मला बंदी आहे?"

बाइंडरबाई धावत आल्या. दार उघडताना मी दिसले तशा जागच्या जागी थबकल्या. चेहरा पांढराफटक पडला. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चोराची पावलं चोराला ठाऊक असतात, आणि मलाही.

"मॅडम, तुम्ही कशाला... मॅडम, माझं ऐका तरी—"

"पोचल्यावर ऐकते. वाटेत गोष्ट रचायला मी वेळ देत नसते. बसा."

त्या बसल्या. ड्रायव्हरकाकांनी पत्ता विचारलासुद्धा नाही, थेट गाडी काढली. बघा, सवयीचा रस्ता! मागे बाइंडरबाई फोन कानाला लावून हळू आवाजात बोलत होत्या. "निघाले हो मी. बोलू नका तुम्ही. नुसतं ऐका. खुर्चीतच बसा." कोणाला सूचना चालल्या होत्या? साथीदाराला? मी आरशातून त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

बाइंडरबाईंचं घर पुलापलीकडे. पूल आला आणि गाडी पुलावर न चढता डावीकडे वळली. सापडली! ड्रायव्हरकाका म्हणाले, "मॅडम, तुम्ही गाडीतच थांबलात तर बरं होईल." मी म्हटलं, "बरं कोणाला होईल?"

मग बाजार गेला, दवाखान्याचा चौक गेला आणि गाडी माझ्याच गल्लीत शिरली. तेव्हा मला सगळा डाव कळला, म्हणजे कळला असं वाटलं. मला घरी सोडून वाटेला लावायचं आणि मग यांनी पुढे जायचं. मी काय काल जन्मले होते?

"इथे कशाला आणलीत गाडी?" मी कडाडले. "मला नाही सोडायचं. आधी यांच्या आजारी माणसाकडे चला."

"तिथेच आलोय, मॅडम," ड्रायव्हरकाका म्हणाले.

गाडी थांबायच्या आतच बाइंडरबाईंनी उडी टाकली होती. त्या आमच्या फाटकातून आत गेल्या आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर धावल्या. मी मागोमाग. दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारासमोर त्या उभ्या राहिल्या, पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या घराचं कुलूप माझ्या डोळ्यांदेखत उघडलं. पहिला विचार आला तो चोरीचा. या बाईकडे माझ्या घराची किल्ली! घराच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि एक आईकडे.

आत आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलेली, खांदे कानापर्यंत चढलेले, ओठ निळसर. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज येत होता. फोन समोरच पडला होता, चालूच.

"मावशी, आले मी. बोलू नका," म्हणत बाइंडरबाईंनी उशी ओढली, टेबलावर ठेवली, आईला त्यावर पुढे झुकवलं आणि पाठीवर सावकाश हात फिरवायला लागल्या. औषधाचा पंप कुठल्या खणात आहे ते त्यांना माहीत होतं. मला आमच्या घरात पंप आहे हेच माहीत नव्हतं.

मी दारात उभीच.

"मॅडम, माझ्याबद्दल लिहायचं ते मागाहून लिहा," त्या मान न वळवता म्हणाल्या. "आधी ती खिडकी उघडा."

मी खिडकी उघडली. ड्रायव्हरकाका वर आले होते. "डॉक्टरांना फोन केलाय, निघालेत," ते म्हणाले, आणि मग मी न विचारताच खालच्या आवाजात सांगायला लागले. बाइंडरबाई शहराच्या बसमधून उतरून विद्यापीठाची बस पकडतात ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी. आई सकाळी फिरायला म्हणून उतरते आणि थांब्यावरच्या बाकावर टेकते. मी तोवर स्कूटरवरून निघून गेलेली असते. हिवाळ्यात एकदा तिथेच तिचा श्वास कोंडला. बाइंडरबाईंनी आपली बस जाऊ दिली आणि तिला दवाखान्यात नेलं. तेव्हापासून आई त्यांनाच फोन करते, घराची किल्लीही तिनंच त्यांना करून दिलीय.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आवाज माझ्याच कानाला कसातरी लागला.

"मावशींनी शपथ घातलीय," बाइंडरबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, तिला खरं वाटत नाही. ती प्रश्न विचारते. उत्तरं देता देताच माझा जीव जाईल."

माझा फोन वाजला. कुलसचिव होते. "काय, झाली का खात्री?"

"झाली," मी म्हटलं. "आजारी माणूस आहे. करार करून टाका."

"घरातलंच आहे ना? तेवढी एक अट आहे."

"घरातलंच आहे, साहेब. माझ्या डोळ्यांसमोर आहे." फोन बंद केला. मला रडू फुटत होतं, आणि स्वतःचा इतका राग आला होता की रडताही येईना.

पंपानं थोडा उतार पडला असावा. आईनं उशीवरून डोकं उचललं आणि मी तिला दिसले.

तिनं चटकन तोंड मिटलं. टेबलाच्या कडेवरचे हात काढून मांडीवर घेतले, पाठ ताठ केली आणि छाती हलताना दिसू नये म्हणून श्वास धरून बसली. कपाळावरून घाम ओघळत होता.

"काही नाही ग," ती म्हणाली. एका शब्दानंतर दुसरा यायला वेळ लागत होता. "बरी आहे... मी. तू... काम सोडून... कशाला आलीस?" आणि हसायला बघत होती. निळ्या ओठांनी.

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. "आई, श्वास घे. मी काही म्हणजे काही विचारणार नाही. घे ना ग श्वास."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली, ऑफिसात माझ्या टेबलासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाकडे मी अशीच बघते. मग तिनं मान वळवून बाइंडरबाईंकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान डोलावली. तेव्हा कुठे आईनं श्वास घ्यायला तोंड उघडलं.